सिस्टर लिबर्डची साक्ष

सिस्टर नीस्बेटने डॅरियनच्या हातात सुरी दिली आणि कांद्यांची परडी त्याच्यापुढे सरकवली.

"टीव्हीवर चांगला दांडगा दिसतोस," ती म्हणाली. "प्रत्यक्षात आईने उपाशी ठेवल्यासारखा आहेस."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, इर्मिनकडे एकवार पाहिलं आणि टेबलक्लॉथची चळत उचलून घाईघाईने चर्चच्या हॉलमध्ये निघून गेली.

इर्मिन लिबर्ड, चर्चच्या भाषेत सिस्टर लिबर्ड, शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. उपासनेची जांभळी टोपी तिने अजून उतरवली नव्हती, फक्त वरून एप्रन बांधला होता. मोठ्या पातेल्यात बकऱ्याच्या मटणाचा पातळ रस्सा रटरटत होता. पास्टर वॉर्नर यांच्या लग्नाला आज पंचवीस वर्षं होत होती आणि लीड्सच्या चॅपलटाऊन वस्तीतली, सेंट किट्स बेटावरून येऊन वसलेली निम्मी माणसं जेवायला थांबली होती.

"आई, दोन मिनिटं बोलायचंय."

"बोल की."

"इथे नको."

"मग कांदे चीर."

डॅरियन कांदे चिरू लागला. छत्तिसाव्या वर्षी, बर्लिनपासून लागोसपर्यंत लोकांना नाचवून आलेला माणूस खाली मान घालून कांदे चिरत होता. डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्याला बरंच वाटलं. निदान त्याला कारण तरी होतं.

चौदा वर्षांनी तो या हॉलमध्ये पाऊल टाकत होता. नाताळात तो आईलाच लंडनला बोलावून घेई. लीड्सला कार्यक्रम असला तर हॉटेलात उतरे आणि तिला गाडी पाठवी. इथल्या माणसांच्या नजरेला नजर देण्याची त्याची छाती नव्हती, कारण इथल्या माणसांनी त्याला लहानाचं मोठं होताना पाहिलं होतं.

लोक त्याला 'स्टार्च' म्हणून ओळखत. हे नाव शाळेतल्या पोरांनी चिडवायला ठेवलं होतं. इर्मिन इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. पहाटे जाई, दुपारी परत येई, आणि तिथे इतके तास चादरी इस्त्री करून आल्यावरही घरी पोराचे शर्ट खळ घालून असे कडक करी की कॉलर मानेला कापे. वर्गातल्या एकाही मुलाचे शर्ट तसे नसत. सोळाव्या वर्षी एका चोरट्या रेडिओ स्टेशनवर पहिल्यांदा माइक हाती आला, तेव्हा त्याने तेच नाव सांगितलं. पुढे ते पोस्टरवर गेलं.

बाविसाव्या वर्षी लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने त्याची गाणी ऐकली. "आवाज आहे, शब्द आहेत," तो म्हणाला होता. "पण तुझ्या घरात कधी काही घडलंच नाही का?"

घडलं नव्हतं. वरच्या मजल्यावर घडलं होतं. नऊ वर्षांचा असताना जिना चढताना एका उघड्या दारातून त्याला दिसलं होतं: एक बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली, बाजूला बाटली, आणि तिचा मुलगा नळाखाली पेला धरून उभा. त्या मुलाशी डॅरियन कधी बोलला नाही. ते लोक महिन्याभरात घर सोडून गेले. तेरा वर्षांनी त्याने एका बैठकीत 'फरशी' हे गाणं लिहिलं, आणि गाण्यातला मुलगा 'मी' झाला, बाई 'माझी आई' झाली.

गाणं देशभर वाजलं. पहिल्या मुलाखतीत, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, हे सगळं खरं आहे का? तो म्हणाला, हो. त्यानंतर प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला तो हो म्हणाला. एकदा तर बोलताना त्याने डोळेही पुसले होते. त्या एका आठवणीने आजही भर रस्त्यात त्याचे पाय अडत.

इर्मिनने दारूला आयुष्यात हात लावला नव्हता. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ती बारीक अक्षरं वाचून परत ठेवी. गाणं आलं त्या आठवड्यात त्याने तिला फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "ऐकलं. आवाज छान लागलाय." त्या विषयावर दोघांमध्ये पुन्हा शब्द झाला नाही. तीन अल्बम झाले, बक्षिसं झाली, मग सभागृहं हळूहळू लहान होत गेली. आता एक प्रकाशक त्याचं आत्मचरित्र काढणार होता. ते लिहून देणारी लेखिका गेल्या आठवड्यात म्हणाली, "एक दुपार तुझ्या आईबरोबर बसायला मिळालं की माझं पहिलं प्रकरण झालं." म्हणूनच तो आज इथे आला होता.

"कांदे झाले," तो म्हणाला.

"आता गाजरं."

त्याने सुरी खाली ठेवली. "आई, पुस्तकात मी खरं लिहिणार आहे. गाण्यातलं सगळं खोटं होतं, तू तशी नव्हतीस, हे."

इर्मिनने डाव उचलून रस्सा तळहातावर घेतला आणि चाखला.

"आणि आधी इथे सांगणार," तो पुढे म्हणाला. "जेवणं झाली की पास्टरांकडून माइक मागून घेतो. चौदा वर्षं तू या लोकांत मान खाली घालून बसलीस, माझ्यामुळे. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

हे बोलणं त्याने गाडीत, लंडनपासून लीड्सपर्यंत, मनात घोळवून घोळवून बसवलं होतं. कुठे थांबायचं तेही ठरलं होतं. आता ते तोंडातून बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं की आपलं बोलणं आपल्यालाच आवडतंय. त्याचे कान तापले.

"मीठ कमी आहे," इर्मिन म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर नीस्बेट मोठा ट्रे घेऊन आत आली. ट्रेवर काळ्या केकचे तुकडे होते. मनुका आणि प्रून महिनोन्महिने रममध्ये मुरवून केलेला, लग्नाकार्यातला केक. वासानेच खोली भरली. एका बाजूला, कागदी रुमालाने झाकलेल्या वेगळ्या बशीत साध्या पिवळ्या केकचा एक तुकडा होता. तो तिने इर्मिनच्या हाताशी ठेवला.

"हा तुझा, इर्मिन. सुरीसुद्धा वेगळी घेतली हो." मग डॅरियनकडे वळून म्हणाली, "काळजी करू नकोस, बाळा. चौदा वर्षांत तिच्या पोटात रमचा थेंब जाऊ दिलेला नाही आम्ही. सगळ्यांची नजर असते."

डॅरियनला काही समजेना. "कशाला नजर?"

"कशाला म्हणजे? तिने सांगितलं नाही तुला?" सिस्टर नीस्बेट ट्रे ठेवून खुर्चीवर टेकली. "तुझं ते गाणं आलं ना, तेव्हा आम्ही सगळे तुझ्यावर तुटून पडलो होतो. मी सगळ्यांत पुढे. म्हटलं, त्या बाईने शर्टांना खळ घालून घालून बोटं झिजवली आणि हा पोरगा तिच्या नावाने जगभर शिमगा करतो? पास्टर तर तुला पत्र लिहिणार होते. आणि त्या रविवारी साक्षीच्या वेळी, एकेक जण उठून देवासमोर आपलं सांगत होता, तेव्हा ही उठली. या टोपीतच. म्हणाली, माझ्या मुलाला खोटारडा म्हणू नका. तो गातो ते खरं आहे. मी दार लावून पीत होते, तुम्हाला कुणाला कळू दिलं नाही."

इर्मिन गाजरं सोलू लागली होती.

"मग मागच्या बाकावरची एक उठली, म्हणाली, मीपण. मग दुसरी. आता दर गुरुवारी इथेच बसतात, दारू सोडू बघणाऱ्या अकरा जणी. तुझी आई चालवते." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "मी आधी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या जिभेला हाड नाही."

ट्रे घेऊन ती गेली. हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"आई."

"हं."

"का केलंस असं?"

"दोघांतलं कुणीतरी खोटं ठरणार होतं," इर्मिन म्हणाली. "माझं नाव इथे तीस वर्षांचं होतं, सोसलं असतं. तुझं व्हायचं होतं."

"पण हे सगळे तुला..."

"मला काही नाही करत. केक वेगळा देतात." ती गाजराचे काप करत राहिली. "पहिलं वर्ष जड गेलं. बायका पर्स जवळ घेऊन बसायच्या. नंतर गुरुवार सुरू झाले. त्यांना वाटतं, हिला जमलं तर आपल्यालाही जमेल. मला काय जमलं, ते माझं मला माहीत. पण तिथे बसून ऐकते. खोटं बोलून बसलेय, म्हणून जास्त लक्ष देऊन ऐकते."

डॅरियन भिंतीला टेकला. आपण माफीचं ओझं घेऊन आलो आणि ते ठेवायला इथे जागाच नाही, एवढं त्याला कळलं.

"पुस्तक तुझं आहे," ती म्हणाली. "त्यात काय लिहायचं ते तू बघ. पण गुरुवार माझा आहे."

दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, किडकिडीत, अंगात इस्त्रीचा पांढरा ब्लाउज. हातात उष्ट्या पेल्यांचा थाळा.

"ही आर्डेल," इर्मिन म्हणाली. "गुरुवारची."

आर्डेलने थाळा सिंकपाशी ठेवला, हात एप्रनला पुसले, पण ती परत गेली नाही. "रागावू नका," ती डॅरियनला म्हणाली. "एक विचारायचं होतं. परत कधी भेटाल, न भेटाल."

"विचारा ना."

"माझा मुलगा मँचेस्टरला असतो. चार वर्षं झाली, बोलत नाही. मी दोन वर्षं दारूला शिवलेले नाही, पण त्याला ते कळवायचं कसं? तुमची गाणी ऐकतो तो. लहानपणी ते फरशीचं खोलीत लावून बसायचा, मला ऐकू जावं म्हणून." ती थांबली. "तुम्ही आईला माफ कधी केलंत? म्हणजे किती वर्षं लागली?"

इर्मिनने नळ सोडला होता. तो तिने बंद केला. ती वळली मात्र नाही.

डॅरियनने सिंकपाशी ठेवलेल्या पेल्यांकडे पाहिलं. त्याला वाटलं, वरच्या मजल्यावरचा तो मुलगाही आज छत्तीस-सदतिसाचा असेल. कुठेतरी त्याने हे गाणं ऐकलं असेल.

"तिला माफ करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "माफी मीच मागायला हवी होती. फार उशीर केला मी."

आर्डेलचे डोळे भरून आले. "किती गुणी पोरगा आहे गं तुझा," ती इर्मिनच्या पाठीला म्हणाली.

डॅरियनने नजर खाली घातली. तिने काय ऐकलं ते त्याला ठाऊक होतं, आणि ते दुरुस्त करणं त्याच्या हाती नव्हतं.

आर्डेलने एप्रनच्या खिशातून पेन काढलं आणि एक कागदी रुमाल टेबलावर पसरला. "हेच लिहून द्याल? तुमच्या हाताने? माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. ड्वेन नाव त्याचं."

त्याने आजवर हजारो सह्या केल्या होत्या, चालता चालता, न बघता. या रुमालापुढे तो खुर्ची ओढून बसला. हॉलमध्ये पास्टर वॉर्नर माइक ठोकून बघत होते. मग त्याने लिहिलं: 'ड्वेन, आईला फोन कर.' खाली स्टार्च लिहायला गेला, हात थांबला, आणि त्याने 'डॅरियन लिबर्ड' असं पूर्ण लिहिलं.

इर्मिनने हात पुसले, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रुमाल उचलून वाचला. दोनदा वाचला.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली आणि रुमालाची घडी घालून आर्डेलच्या हातात दिली.

बाहेरून पास्टरांनी हाक मारली, की आपल्यात आज एक मोठा पाहुणा आहे, त्याने येऊन दोन शब्द बोलावेत. टाळ्या वाजल्या. डॅरियनने आईकडे पाहिलं.

"त्यांना सांग, डॅरियन वाढायला घेतोय," इर्मिन आर्डेलला म्हणाली, आणि तिने पातेल्याचा एक कान फडक्याने धरला. दुसरा त्याने धरला.