गिअरचा मेंदू

तिने दहाचा पाना बॅटरीच्या काळ्या वायरीच्या नटवर बसवला आणि काढून घेतला. पुन्हा बसवला. नट जरासा फिरला तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला.

"आधी निगेटिव्हच ना?"

"निगेटिव्हच, बाबा."

"मग पाना सारखा काढतेस कशाला, डॉक्टरीणबाई?"

"नट गंजलाय."

नट गंजलेला नव्हता. ती इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायची, म्हणून वडील तिला डॉक्टरीणबाई म्हणत. माणसाच्या छातीला लावायची यंत्रं उघडताना ती कधी अडली नव्हती. आज साध्या बॅटरीने घाम फोडला होता.

वडील दारातल्या स्टुलावर ताठ बसले होते. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, स्टुलावर बसला तरी पाठ सीटला टेकल्यासारखी सरळ. गेले तीन आठवडे ते रोज सकाळी असे बाहेर येऊन बसत आणि बंद गाडीकडे बघत.

तीन आठवड्यांपूर्वी याच अंगणात गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे आली होती. मागे आई दोरीवरचे कपडे काढत होती. गाडी पाण्याच्या पिंपावर आदळली, पिंप फुटलं आणि गाडी थांबली. आईच्या आणि गाडीच्या मध्ये वीतभर अंतर उरलं होतं. आई ओरडलीसुद्धा नाही. हातातला अभ्रा छातीशी धरून ती पायाखालून वाहणारं पाणी बघत राहिली.

"माझा पाय ब्रेकवरच होता," वडील गाडीतून उतरता उतरता म्हणाले. मग शेजाऱ्यांना म्हणाले, फोनवर मुलाला म्हणाले, रात्री झोपेतही म्हणाले.

"किल्ली काढून घे त्यांच्याकडून," भाऊ तिला फोनवर म्हणाला होता. "वय झालंय आता."

"दोन महिने गाडी धक्के देतेय, गिअर मधेच अडकतोय, आणि तू वयाचं काय घेऊन बसलायस?" तिने त्याला फाडकन सुनावलं होतं. "मी दाखवते तुला, चूक कुणाची आहे ते."

दुसऱ्या दिवशी ओळखीचा मेकॅनिक आला. त्याने गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावरचा बिघाडाचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, "गिअरचा मेंदू गेलाय." कुठला गिअर कधी टाकायचा हे ठरवणारं मोड्यूल बिघडलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिने त्याला दोनदा चहा पाजला. संध्याकाळपासून तर गाडी जागची हलेनाशीच झाली. मेकॅनिकचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने नवं मोड्यूल आणलं, या गाडीच्या नंबराशी जुळवून ठेवलं, बसवायची रीत तिच्याकडून कागदावर लिहून घेतली आणि स्कॅनर तिच्याकडेच ठेवून गेला. "तुमच्यासाठी हे खेळणं आहे," तो म्हणाला.

पण खेळणं हातात घेतल्यापासून तिला एकच विचार छळत होता. मेकॅनिकचा आकडा खरा होता, त्यात शंका नव्हती. तरी त्या दिवशी गाडी मागे आली ती त्याच बिघाडाने का? हा विचार आला की ती पाना बदलायची, फडकं शोधायची, काहीतरी करायची.

बॅटरी निघाली. खालचा ट्रे निघाला. त्याच्या खाली जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी मोड्यूलची पेटी चार बोल्टांनी धरून ठेवली होती. अंगातली वीज उतरावी म्हणून तिने आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, मग कनेक्टरची कडी उलटी पाडली आणि कनेक्टर ओढला. आतल्या पितळी पिना ओळीने चमकल्या. कडेच्या दोन मात्र हिरव्या पडल्या होत्या.

"बाबा! या, या इकडे. चष्मा लावा."

वडील लगबगीने आले. तिने पेटी उन्हात तिरकी धरली.

"हे हिरवं दिसतंय? पाणी शिरलंय आत."

"म्हणजे माझं काही नाही?"

"तुमचं काही नाही!"

हे तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं. आई खिडकीतच उभी होती. तिने मान हलवली आणि हातातलं भांडं पुसत राहिली. ते भांडं ती मघापासून पुसत होती.

नवी पेटी बसली. बोल्ट बसले, ट्रे बसला, बॅटरी जोडून झाली. आता मेंदूला शिकवायचं होतं. कागदावर लिहिल्याप्रमाणे एकाने ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका गिअरवर न्यायचा, दुसऱ्याने स्कॅनर बघायचा. तिने चारही चाकांना पुढून मागून विटा लावल्या. लावून झाल्यावर प्रत्येक वीट पायाने ढकलून पाहिली.

"आई, तू आतच थांब."

"मी कुठे बाहेर येतेय?"

वडील तीन आठवड्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आरसा जुळवला. सीट बोटभर पुढे घेतली. चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरल्यासारखी वाटली. ती डाव्या बाजूला स्कॅनर मांडीवर घेऊन बसली.

"ब्रेक दाबा आणि किल्ली फिरवा."

इंजिन सुरू झालं. आवाज एकसारखा, स्वच्छ. वडिलांनी तिच्याकडे पाहून भुवई उडवली.

"आता ब्रेक सोडा."

"सोडला."

"परत दाबा."

इंजिन किंचाळलं.

दांडा पार्कवर होता, म्हणून गाडी हलली नाही. नुसती अंगभर थरथरली. काटा सरसर वर चढला. खिडकीमागे भांडं पडल्याचा आवाज आला.

"बाबा, ब्रेक!"

"दाबलाय की!" ते ओरडले आणि त्यांनी आणखी जोर लावला. इंजिन आणखी वर गेलं. "दाबलाय! थांबत का नाही ही?"

तिने खाली पाहिलं. मग झडप घालून किल्ली फिरवली.

शांतता इतकी अचानक आली की कान दुखले. वडील अजूनही स्टिअरिंग आवळून बसले होते. हळूहळू त्यांची मान खाली गेली. उजवा पाय उजवीकडच्या पेडलवर, ॲक्सिलरेटरवर होता, तळापर्यंत दाबलेला. दारात कुणी अनोळखी माणूस उभा असावा तसे ते त्या पायाकडे बघत राहिले.

"त्या दिवशीही मी असाच दाबला होता," ते म्हणाले. "सगळा जोर लावून."

"पण मोड्यूल खराब होतंच ना, बाबा. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"होतं की."

"मग?"

त्यांनी पाय उचलून पेडलपासून दूर घेतला. भावाला काय सांगायचं हे तिने सकाळपासून घोळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आता आठवत नव्हतं.

आई बाहेर आली होती. ओल्या हातांनीच ती वडिलांच्या बाजूच्या खिडकीशी उभी राहिली. बोलली मात्र मुलीशी.

"वर्ष होत आलं."

"कशाला?"

"मी शेजारी बसते ना, तेव्हा हात हँडब्रेकवर ठेवूनच बसते. दोनदा ओढावा लागलाय. एकदा सिग्नलला, एकदा दवाखान्याच्या फाटकात."

तिने मागच्या सीटवरून वडिलांच्या हाताजवळचा आईचा तो हात कितीदा पाहिला होता. दोघांचं अजून किती जमतं, असं वाटून तिला बरं वाटायचं.

"तू तर म्हणायचीस आधाराला धरते," वडील म्हणाले.

"आधारालाच धरत होते." आईने पदराला हात पुसले. "त्या दिवशी मी गाडीत नव्हते, एवढंच."

"आई, अगं, बोलली का नाहीस तू? गाडीखाली गेली असतीस!"

"भीती वाटली."

"मग भीती वाटते तर सांगायचं ना!"

"गाडीची नाही गं. हे घरात बसल्यावर यांचं काय होईल, त्याची."

वडिलांनी दार उघडलं. उतरले. बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि ती उठायची वाट बघत उभे राहिले. ती उठून पलीकडे गेली. ते तिच्या जागेवर बसले, स्कॅनर मांडीवर घेतला, चष्मा सारखा केला.

"कुठवर आलो होतो? परत ब्रेक दाब म्हणतंय हे."

तिने दाबण्याआधी खाली वाकून पाहिलं. मग दाबला. रिव्हर्सवर गाडीने विटेला हलकेच रेटा दिला. न्यूट्रल. ड्राइव्ह. पुन्हा पार्क. दर वेळी तिने आधी पाय पाहिला. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या पायाने तिला कधी दगा दिला नव्हता. पण वडिलांच्याही पायाने साठीपर्यंत दिला नव्हता.

"झालं," वडील म्हणाले. "पडद्यावर हिरवं आलं. आता एक चक्कर मारा म्हणतंय."

तिने विटा काढल्या. आई काही न विचारता मागे बसली आणि तिने मांडीवर दोन्ही हात एकमेकांत गुंतवून ठेवले. गाडी लोण्यासारखी फाटकातून बाहेर पडली. एकही धक्का नाही. गिअर कधी बदलला ते कळलंही नाही.

कोपऱ्यावर कुंपणाची झाडं रस्त्यावर आली होती. डावीकडचं तिला काही दिसेना. ती थांबली. वडील पुढे वाकले, काच खाली केली, मान बाहेर काढून त्यांनी रस्ता पाहिला.

"मोकळं आहे. घे."

तिने ब्रेकवरचा पाय उचलायला घेतला.

"थांब," वडील घाईने म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "थांब जरा. पुन्हा एकदा बघतो."