सातवा प्रश्न

टक् करून फ्रिजवरचं चुंबक फरशीवर पडलं आणि परदेशातल्या क्लेमेंटी भागातल्या त्या फ्लॅटमधली दुपारची शांतता मोडली. संजीवनीने आधी आतल्या खोलीकडे कान दिला. श्रिया उठली नव्हती. मग तिने चुंबक उचललं. ते बिचारं एकटं किती धरणार? खाली श्रियाच्या बारशाचा फोटो आणि त्यावर अकरा नावांची यादी. दहा नावांवर काट.

समुपदेशक म्हणून नोंदणी हवी तर सहाशे तास माणसांचं ऐकायचं, आणि ते काम संघटनेच्या यादीतल्या सुपरवायझरने तपासून सही करायची. संजीवनीचे चारशे बारा तास झाले होते. श्रिया प्लेस्कूलमध्ये असताना, शनिवारी नवरा, शैलेंद्र, घरी असताना, असे चिमटीचिमटीने जमवलेले. आणि मग तिच्या सुपरवायझर मिसेस टॅन नवऱ्याच्या आजारपणामुळे पर्थला लेकीकडे गेल्या, त्या गेल्याच. पाठोपाठ संघटनेचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत नवी सुपरवायझर दाखवा, नाहीतर झालेले तास बाद.

आज बुधवार.

दहा जणांची उत्तरं तिला पाठ होती. एकीकडे आधीच सहा शिकाऊ. एक बाळंतपणाच्या रजेवर. एकाने तर, "तुम्ही मराठीत बोलता ते मी तपासू कसं?" असं गोड आवाजात विचारून फोन ठेवला होता.

अकरावं नाव नंदाचं. त्याच शहरातल्या बिशानची नंदा, संजीवनीहून पंधरा वर्षांनी मोठी, मागच्याच महिन्यात यादीत आलेली. रविवारी तिच्याकडे फॉर्म देऊन येताना बसमध्ये संजीवनीला वाटलं होतं, सुटले बाई एकदाची.

फोन वाजला. श्रिया उठू नये म्हणून तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"संजू, जेवलीस का?"

"नंदाताई, ते राहू दे. सही केलीत ना?"

"सातवा प्रश्न वाचलास?"

वाचला होता. शिकाऊ व्यक्तीशी तुमचं नातं किंवा घरोबा आहे का?

"तुम्ही काही माझ्या सख्ख्या नणंद नाही," संजीवनी म्हणाली.

"नाही ना. पण बारशाला तुझी सख्खी नणंद पुण्याहून आली नाही, तेव्हा पोरीच्या कानात कुर्रर्र कोणी केलं? आणि तुम्ही बायकांनी धपाटे कोणाच्या पाठीत घातलेत? चार दिवस आयोडेक्स चोळत होते मी. दर भाऊबीजेला शैलेंद्र माझ्याकडूनच ओवाळून घेतो."

"ते कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय की गं! उद्या समोरच्या माणसाशी वागताना तुझं काही चुकलं, तर मी तुला खडसावेन की श्रियाची आई म्हणून पदरात घेईन? मला माझीच खात्री नाही. म्हणून तर तो प्रश्न आहे तिथे."

हे खरं होतं. संजीवनीला ते रविवारीच ठाऊक होतं, म्हणून तर त्या प्रश्नावरून तिने नजर घाईघाईने पुढे नेली होती.

"मग समजा ते बारसं झालंच नाही!" तिचा आवाज चढला. "नंदाताई, पाया पडते तुमच्या. परत पहिल्यापासून नाही हो जमणार मला. जीवच उरला नाहीये."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"पाया काय पडतेस, वेडे. मी बघते अजून कोणी मिळतंय का."

कोणी उरलेलं नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"शनिवारी ये श्रियाला घेऊन. साटोऱ्या करतेय."

संजीवनीने फोन ठेवला. अकराव्या नावावर काट मारली, यादीची घडी घालून खणात सारली. फोटो परत लावला. यादी नसताना तो चुंबकाला सहज पेलला. फोटोत नंदा पाळण्यावर वाकलेली, मागे बायकांचे उगारलेले हात, आणि सगळ्यात मोठ्याने हसणारी संजीवनी स्वतः.

"आई."

श्रिया दारात उभी होती. गालावर उशीचा वळ, हातात ओढत आणलेली चादर. या फोटोची गोष्ट ती रोज ऐकायची. कुर्रर्रला आईने थांबायचं आणि तिने स्वतः आपलं नाव जोरात सांगायचं, असा त्यांचा खेळ होता.

ती फोटोकडे बघत राहिली.

"बारसं झालंच नाही?"

संजीवनीने तिला उचलून घेतलं. मानेत तोंड खुपसलं. घामाचा, झोपेचा वास.

"देन हाऊ, आई?" प्लेस्कूलमधल्या इंग्रजीत विचारत श्रियाने तिचा चेहरा दोन्ही हातांनी वर केला. "मग माझं नाव काय?"