ओट्यावरची जागा

त्या सकाळीही रुखमा चिखल तुडवत होती. नवरा पुनाजी भिंत चढवत होता आणि नऊ वर्षांची सखू तणस आणून चिखलात टाकत होती. पुरात समुद्रपूर तालुक्यातल्या त्या आडगावची शाळा जोत्यासकट वाहून गेली होती. चंद्रभान गुरुजींनी एस.टी.चे हेलपाटे घालून टिनपत्रे, पाट्या, पुस्तकं मिळवली. पण भिंतीला हात लावायला गावातून कोणी आलं नाही. आले ते गावाबाहेरच्या टोलीवरचे, रुखमासारखे गोंड. आपली पोरं शिकतील, एवढ्या आशेवर महिनाभर फुकट राबले.

"गुरुजी, माही सखू पुढंच बसन ना?" रुखमाने विचारलं.

"पुढंच बसन," गुरुजी म्हणाले. ते मनापासूनच बोलले होते. सखूइतकं स्वच्छ वाचणारं दुसरं मूल त्यांच्या शाळेत नव्हतं.

उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले. सखू खरंच पुढे बसली. तिने धडा वाचला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. जीप वळणाआड गेली न गेली तोच सरपंच रूपराव उठले.

"झालं ना गुरुजी? आता गोंडायच्या पोट्ट्यायले ओट्यावर काढा. अन् आतमधी गोमूत्र शिंपडून घ्या."

"रूपरावजी, शाळा त त्याइनंच बांधली..."

"बांधली म्हून डोक्यावर बसवाचं काय? बदली पाह्यजे काय तुमाले?"

गुरुजींना घरची दोन लेकरं आठवली, अंथरुणाला खिळलेली आई आठवली. त्यांनी मान खाली घातली.

"सखू, ओट्यावर जाऊन बस."

सखूने पुस्तकाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "कोनता शब्द चुकला, गुरुजी?"

दारात उभ्या असलेल्या रुखमाच्या अंगाचा भडका उडाला. "भिंतीतला चिखल माह्या पायानं तुडवला, तवा कोनाले बाट नाई लागला?"

"लय तोंड चालते तुयं," रूपराव हसून म्हणाले. "पुनाजीले सांगजो, उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवाचा नाई."

रुखमाने पोरीचा हात धरला आणि ती चालू लागली.

दोन आठवडे गुरुजी शिकवत राहिले. धडा वाचायला कोणाला उठवावं, हेच त्यांना सुचेना. शेवटी एका रविवारी ते शेजारगावच्या वावरात गेले. मायलेकी कापूस वेचत होत्या. बोंडांनी सखूची बोटं सोलून निघाली होती.

"रुखमाबाई, पोरीले पाठवा. मी आत बसवतो."

"रूपरावजी हो म्हनले?"

"नाई. मी म्हनतो."

"मंग त्या दिवशी तुमची जीभ कुठं गेलती, गुरुजी?"

सखूने वरसुद्धा पाहिलं नाही.

तिथून गुरुजी तडक रूपरावांच्या दारात गेले. "उद्यापासून ओट्यावर कोनी बसनार नाई. सारे आतमधी बसतीन. माही बदली कराची त करा."

रूपराव पानाला चुना लावत होते. "बरं," एवढंच म्हणाले.

सोमवारी टोलीवरची सात पोरं आत बसली. आठव्या दिवशी सखूही आली, आणि दाराजवळ अंग चोरून बसली. त्या दिवशी तिने वाचलं नाही. गुरुजींनीही आग्रह केला नाही. हळूहळू वाचेल, असं त्यांना वाटलं. दहाव्या दिवशी बदलीचा हुकूम आला.

नवे गुरुजी पहिल्याच दिवशी सरपंचांकडे चहाला जाऊन आले. ते वर्गात शिरले आणि त्यांनी काही बोलायच्या आतच सखू पाटी उचलून बाहेर ओट्यावर गेली. तिच्यामागून बाकीची सातही गेली.

नवे गुरुजी मोठे समजूतदार आहेत, असं गावात सगळेच म्हणू लागले.