घासून काढलेली नावं

बन्सीशेठनी स्टॅम्पपेपर प्रमिलासमोर ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि चहा सांगितला. मराठी छपाईच्या प्रोग्रामचे सगळे हक्क मी अंजनी सिस्टिम्सला कायमचे देत आहे, यापुढे तो कुणालाही देणार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सोबत तशाच दुसऱ्या कागदाची झेरॉक्स होती. तिच्याखाली हारुनची सही.

"धुळ्याचं काम झालं, ताई. तुमचीच तेवढी राहिली," शेठ म्हणाले.

गुरुवारी मुंबईचे वकील येणार होते. तिथली एक मोठी कंपनी अंजनीचे सगळे प्रोग्राम विकत घेत होती आणि मालकीचे कागद पक्के मागत होती. प्रमिलाने वाचून बघते म्हणून सांगितलं. एम.एस्सी. झालेल्या माणसाला चार ओळी वाचायला किती वेळ लागतो, असं शेठनी साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. दोघं-तिघं हसले.

हा प्रोग्राम जळगावच्या या ऑफिसात जन्मलाच नव्हता. सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, प्रमिला अमळनेरला कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि हारुन धुळ्यात कॉम्प्युटर शिकवत होता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तेव्हा धड मराठी उमटत नसे. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. प्रोग्राम प्रमिलाने आणि हारुनने मिळून लिहिला, अक्षरं मात्र हारुनच्या वडिलांची. सत्तारचाचा धुळ्याच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालत. छिन्नीने टिंबाला टिंब लावत अक्षर उभं करायचं, हेच काम जन्मभर. प्रिंटरही टिंबांनीच अक्षर काढतो हे हारुनच्या ध्यानात आलं आणि त्याने आलेखाचा कागद वडिलांपुढे ठेवला. चाचांनी तीन महिने एकेक अक्षर चौकोनांत भरून दिलं. फ्लॉपी बिस्किटाच्या डब्यात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, तो धुळ्याच्या स्टँडवर हारुनला देई.

परदेशातून आलेल्या एका मोफत प्रोग्रामबरोबर त्याच्या अटी होत्या. त्या वाचून दोघांनी आपल्या फाइलच्या माथ्यावर तिघांची नावं लिहिली आणि खाली अट घातली: कुणीही वापरा, बदला, विकलात तरी चालेल, पण मूळ सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, सोबत द्या, तुम्ही केलेला बदलही असाच उघडा ठेवा आणि नावं पुसू नका. मग तो प्रोग्राम शाळांत गेला, वाचनालयांत गेला, पत्रिका छापणाऱ्यांकडे गेला. हारुनची बायको हसीनाबी त्याच्यावर शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून देई.

प्रमिला अंजनीत लागली तेव्हा शेठनी नगरपालिकांच्या जन्म-मृत्यू दाखल्यांच्या प्रोग्रामला तो जोडायला मागितला. तिने अट वाचून दाखवली. दाखल्यांचा भाग कंपनीचा, छपाईचा भाग सगळ्यांचा. शेठ "हो, हो" म्हणाले होते. विकायला तिची हरकत नव्हतीच.

शेठ जेवायला गेल्यावर तिने मुंबईला द्यायची फ्लॉपी मशीनमध्ये घातली. छपाईची फाइल उघडली. माथ्यावरची तिन्ही नावं गेली होती, अट गेली होती. तिथे 'अंजनी सिस्टिम्स, सर्व हक्क राखीव' असं होतं. ती खाली खाली वाचत गेली. एका ठिकाणी तिने पूर्वी टीप लिहिली होती: 'ज्ञ चा हा वळसा हारुनच्या अब्बांचा आहे, बदलू नये.' आता तिथे होतं, 'ज्ञ चा हा वळसा अंजनी सिस्टिम्सच्या अब्बांचा आहे, बदलू नये.'

कुणीतरी हारुनचं नाव शोधून सगळीकडे एका फटक्यात बदललं होतं. नंतर एकदा वाचायचीही तसदी घेतली नव्हती. अर्ध्या घासात केस लागावा तसं तिला झालं. तिने त्या पानाची प्रत छापून घेतली आणि जेवणाचा डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती धुळ्याला गेली. तिला बघून हारुन अवघडला. त्यानेही कपाटातून एक झेरॉक्स काढली. तिच्या नावाचा कागद, खाली तिची सही.

"ताई, तुम्ही केलीत म्हणून मी केली."

सही तिचीच होती. खाली बारा जून तारीख होती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने रजेचा अर्ज दिला होता, त्यावरची ती सही आणि तीच तारीख. ती अर्जावरून कापून कागदावर चिकटवली होती आणि मग झेरॉक्स काढली होती. आई पट्टी बांधून पडली होती तेव्हा शेठ पेरू घेऊन मेहरूणला घरी आले होते, ते तिला आठवलं. तिला तो पेरूचा वास आला आणि तिने हसीनाबीकडे पाणी मागितलं.

"एक फोन नाही केला ताईंना," हसीनाबी नवऱ्याला म्हणाली. "शेठने खांद्यावर हात काय ठेवला, हे विरघळले."

सत्तारचाचा खाटेवर बसून ऐकत होते. आता त्यांचा हात कापे. हारुनने खाली मान घालून त्यांना सगळं सांगितलं. मग चाचा गिऱ्हाइकांशी बोलत त्या अहिराणीत प्रमिलाला म्हणाले, "आधीनं नाव घशीसन भांडं आनं, तर त्यावर मी दुसरं नाव टाकस नही. ते चोरीनं भांडं शे." जरा थांबून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "अक्षरं मनी शेतस. माले कोन्ही इचारं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. हारुननेही नाही. प्रमिलाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

गुरुवारी वकील आले. शेठनी ताईंची सही आत्ता होतेय म्हणून सांगितलं. प्रमिलाने ते छापलेलं पान आणि हारुनकडून आणलेली स्वतःच्या सहीची झेरॉक्स वकिलांसमोर ठेवली. ते पेन्सिल फिरवत वाचत गेले आणि थांबले.

"अंजनी सिस्टिम्सचे अब्बा कोण?"

शेठ ऑपरेटरची चूक म्हणून हसले. प्रमिलाने वर्ष, तारखा, रजेचा अर्ज, आलेखाचे कागद असं सगळं क्रमाने सांगितलं. आपण सही करणार नाही, हारुनची फसवून घेतलेली आहे, आणि अक्षरं ज्यांची त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

वकील रागावले नाहीत. खोट्या सहीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी वहीत सत्तारचाचांचं नाव लिहून घेतलं.

"वय काय त्यांचं?"

"बहात्तर."

"तब्येत?" उत्तराची वाट न बघता ते पेन्सिल थांबवून म्हणाले, "पुढे वारस हारुनच ना?"

शेठनी मान डोलावली. समोरच्या चहावर साय धरली होती. शेठनी ती बोटाने काढली, बशीच्या काठाला पुसली आणि कप वकिलांपुढे सरकवला. तूर्त छपाईचा भाग सौद्यातून वगळू, असं दोघांचं ठरलं. म्हणजे हसीनाबीचं प्रश्नपत्रिका छापणं आज तरी चालू राहणार होतं, आणि हे दोघं एका म्हाताऱ्याच्या श्वासावर नजर ठेवून चहा पीत होते.

प्रमिलाने नळावर हात धुतले. मग जागेवर बसून दोन ओळींचा राजीनामा टाइप केला आणि सत्तारचाचांच्या अक्षरांत छापून शेठच्या टेबलावर ठेवला.

"ताई, सही राहिली," शेठ म्हणाले.

"माझी आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. "रजेच्या अर्जावरची. तीच चिकटवा."