अक्काचं बोळकं

"बाजूने ये गं, समोरून नको. त्याच्यावर सावली पाडू नकोस. आधी कडेला उभी राहा, मग हळूच वाक."

अक्काचं हे सांगणं धाकटीच्या अंगात इतकं मुरलं होतं, की अक्का घरात नसतानाही ती भिंतीला खांदा घासतच काचेच्या टाकीपाशी जायची. आज मात्र ती मुद्दाम समोरून गेली आणि तिने दिव्याच्या आड हात धरला. पंजाची सावली पाण्यातून खाली उतरली, दगडाच्या खोबणीत बसलेल्या शिंपल्यावर पडली. तो हललाही नाही.

धाकटीने हात मागे घेतला, पुन्हा धरला. तरी नाही.

एरवी सावली पडायचा अवकाश, की रुसलेल्या म्हातारीने ओठ आवळावेत तसा तो मिटायचा. सावली सरली की पुन्हा उघडायचा, आणि आतली निळी-हिरवी मखमली झालर शिंपल्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर पसरायची. दिव्याचा उजेड खाऊनच तो जगतो, असं अक्का म्हणायची. उजेड खाऊन कुणी जगतं का, असं धाकटीला वाटे, पण अक्काशी वाद घालायची तिची पद्धत नव्हती. आता ती झालर कडांनी आत मुडपली होती. रंग विटला होता, चार धुण्यांत गेलेल्या कापडासारखा.

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे. साठीला टेकलेली बाई ती, पण थोरलीच्या मागची म्हणून जन्मभर धाकटीच राहिली. दोघींनी लग्नं केली नाहीत. अक्का दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायची. मागच्या खोलीत बसून साचे घासायची, दात बसवायची, पुन्हा घासायची. शिंपला घरी आला तेव्हा ती हसून म्हणाली होती, "जन्मभर लोकांची तोंडं भरली. आता घरात एक बोळकं असू दे, ज्याला माझ्याकडून काही करून घ्यायचं नाही." तेव्हापासून त्याचं नाव बोळकंच पडलं.

आणि जन्मभर घासताना उडालेली ती भुकटी अक्काच्या छातीत जाऊन बसली होती. फुप्फुसं कडक झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. अक्का इस्पितळात गेली ती परत येण्यासारखी नव्हती. हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघीही ते बोलत नव्हत्या.

धाकटीचा एक नेम होता. सकाळी पाण्याचा पहिला घोट घेण्याआधी ती हात जोडायची आणि मनाशी म्हणायची, 'आज माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस.' आजही तिने हात जोडले. पण ते वाक्य म्हणताना तिने मान खाली घातली. कारण गेले कितीतरी दिवस ती रोज दुपारी इस्पितळात जाऊन खोटं बोलत होती.

दुपारी अक्काने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"बोळकं उघडलं?"

"हो. छान आहे."

"बुडाशी पांढऱ्या गोगलगायी नाहीत ना? कणीएवढ्या असतात, दिसत नाहीत पटकन. दिवसा लपतात मेल्या आणि रात्री त्याला शोषतात."

"नाहीत गं. भिंग लावून बघितलं मी." एवढं तरी खरं होतं.

सलाईन बदलायला आलेली सिस्टर हसली. "मावशी, मी रोज ऐकते हं. बोळकं उघडलं का, बोळक्याने खाल्लं का. किती महिन्यांचं आहे हो बाळ?"

"बाळ कसलं, शिंपला आहे," धाकटी म्हणाली.

"शिंपला?" सिस्टरचा हात थांबला. "अगं बाई! आणि मी वॉर्डभर सांगितलं, की अक्कांना नातू झालाय म्हणून!"

अक्का हसली, आणि मग हसण्याचा खोकला झाला. धाकटीने तिची पाठ धरली. खोकला थांबल्यावर तिने सवयीने चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट खोचला. नोकरीचा उभा जन्म तिने याच इस्पितळाच्या कपडेखान्यात काढला होता. या चादरी तिच्या हातच्या घड्या ओळखत असतील.

घरी जाण्याऐवजी ती माशांच्या टाक्या विकणाऱ्या टाकीवाल्याच्या दुकानात गेली. पर्समध्ये औषधाची धुतलेली बाटली होती, तिच्यात टाकीतलं पाणी. टाकीवाल्याच्या वडिलांची कवळी अक्काने केली होती, ओळख तेव्हाची. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला भिंतभर लांबीची समुद्री टाकी होती. बोळकं मूळचं तिथलंच.

त्याने खारटपणा मोजायच्या एका नळीसारख्या भिंगावर पाण्याचा थेंब टाकला, डोळ्याला लावला. पुसून पुन्हा टाकला, पुन्हा पाहिलं.

"मावशी, घरी टाकी आहे की मिठागर?"

"म्हणजे?"

"पाणी आटल्यावर तुम्ही वरून काय घालता?"

"पाणीच. त्या निळ्या पिंपातलं. अक्काने मीठ कालवून ठेवलंय ना, समुद्रासारखं."

टाकीवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो, वाफ होते ती नुसत्या पाण्याची. मीठ कुठे जातंय? ते खालीच राहतं. तुम्ही रोज मिठावर मीठ घातलंत. पिंपाशेजारी पांढरा कॅन असेल बघा, गोड्या पाण्याचा."

होता. पांढरा कॅन होता. तो काच पुसायचा असेल असं समजून धाकटीने त्या पाण्याने रोज इमानेइतबारे काच पुसली होती.

"समुद्रातल्या जिवाच्या डोक्यावर गोडं पाणी कसं ओतायचं," ती पुटपुटली. "माझा जीवच धजला नसता."

"अक्कांनी सांगितलं नाही?"

अक्काने बाकी सगळं सांगितलं होतं. दिवा कधी लावायचा, कधी घालवायचा, चुन्याच्या पाण्याचे थेंब किती, बुडाशी गोगलगायी कशा शोधायच्या. एवढंच राहिलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीचं काम कुणाला सांगायचं असतं हे कुणाच्या लक्षात येतं? श्वास कसा घ्यायचा, हे कुणी सांगून जातं का?

"जगेल?" तिने विचारलं.

"घाई केलीत तर नाही जगणार. रोज थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. एकदम गोडं केलंत तर आजच मरेल. हळूहळू बिघडवलंत ना? तसंच हळूहळू सुधरवा."

दुसऱ्या दिवशी धाकटीने अक्काच्या पलंगाशी स्टूल ओढलं आणि ती प्रश्नाची वाट न बघताच बोलली. मिठाचं सांगितलं, कॅनचं सांगितलं, सावलीचंही सांगितलं. "आणि मी तुला रोज खोटं सांगत होते," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसली.

अक्काने तिचा पदर हळूच खाली ओढला. मग मास्कच्या आतून म्हणाली, "माहीत होतं."

"कसं?"

"तू 'छान आहे' म्हणायचीस. बरं असताना तू कधी छान म्हणतेस का? बरं असताना म्हणतेस, 'बसलंय मेलं झालर पसरून'."

धाकटीला रडता रडता हसू आलं.

"चूक माझी," अक्का म्हणाली. "मी सांगायचं विसरले. मी ओळखलंय हे कळलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मीही विचारायचं सोडलं नाही. बघ, दोघी कशा." तिला दम लागला. थोड्या वेळाने तिने धाकटीचं मनगट धरलं. "ऐक. जगलं, तर ते टाकीवाल्याकडे पोचतं कर."

"का? मी बघेन की! आता कळलंय मला."

"तेच म्हणते मी. तू बघशील." अक्का श्वासाश्वासाला थांबत बोलत होती. "आईचं केलंस. बाबांचं केलंस. आता माझं चाललंय. मी त्याच्यापुढे बसले की मला बरं वाटायचं गं. तू बसतेस ती आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी. माझ्यामागे आणखी एक दुखणं तुझ्या गळ्यात बांधून मला जायचं नाही."

"असं बोलू नये."

"मग काय गाऊ? ओढून काढायचं नाही हं. त्याचे धागे दगडात रुतलेले असतात. ते तुटले की संपलं. दगडासकट उचल. शब्द दे."

धाकटी चादरीचा कोपरा खोचू लागली.

"दे."

"दिला," धाकटी म्हणाली.

मग रोज सकाळी ती एक तांब्या खारं काढायची आणि एक तांब्या गोडं घालायची. झालर तशीच मुडपलेली. अक्काला ती खरं तेच सांगायची, "आजही काही नाही." अक्का डोळ्यांनीच 'असू दे' म्हणायची. आता तिला मास्क काढवत नव्हता.

एका सकाळी धाकटी कडेने आली, वाकली, आणि तशीच उभी राहिली. डाव्या अंगाची झालर बाहेर आली होती. बोटभरच, पण तो निळा रंग तिने ओळखला. त्या दिवशी तिने चहाही घेतला नाही, तडक इस्पितळ गाठलं. अक्काच्या कानाशी लागून म्हणाली, "बसलंय मेलं. अर्धी झालर पसरून बसलंय."

अक्काचे डोळे मिटलेलेच होते. पण मास्कच्या आत ओठ हलले. सिस्टर म्हणाली, झोपेत हलतात तसे. धाकटीने ते मानलं नाही.

दोन्ही अंगांची झालर पुरती पसरली तोवर अक्का नव्हती.

भेटायला आलेली माणसं आली तशी गेली. शेजारीण टाकीपुढे उभी राहून म्हणाली, "असू द्या हो घरात. तेवढीच सोबत." धाकटीलाही ते पटलं. मग निमित्तं सुचत गेली. आज ऊन फार आहे. आज टाकीवाल्याकडे गर्दी असेल. आज जरा मिटल्यासारखं वाटतंय, नीट उघडू दे, मग नेऊ. ती सकाळी खुर्ची ओढून टाकीपुढे बसायची. झालर कालच्याइतकी आहे का, कड वळली तर नाही ना. मध्येच उठून पाण्याची रेघ बघायची, पुन्हा बसायची. पोळीचा डबा उघडायची आठवण राहायची नाही.

असंच एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दचकून जाग आली तेव्हा ऊन पायरीवरून उतरलं होतं, आणि तिचा हात टाकीच्या काचेवर होता. पालथा. आईच्या कपाळावर ठेवायची, तसा.

तिने हात काढला. तो बघत काही वेळ बसली.

मग ती उठली. आधी स्वयंपाकघरात जाऊन जेवली, दोन घास नव्हे, पोटभर. झाकणाची बादली धुतली, टाकीतलंच पाणी तिच्यात भरलं आणि बादली टाकीला लावून ठेवली. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. शिंपला मिटला. तिने दगडाखाली बोटं सारली, दगड जड होता, आणि तो सबंध उचलून बादलीत ठेवला. वर ओला टॉवेल, त्यावर झाकण. दार ओढलं, कुलूप लावलं.

थांब्यावर ती पोचली आणि बस आली. आत बसायला जागाही होती. ड्रायव्हरने चढा म्हणून खूण केली. धाकटीने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. त्यात खड्डे बरेच होते. तिने मान हलवून नको म्हटलं. बस गेली. तिने बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली आणि आतलं पाणी हिंदकळणार नाही अशा बेताने, रस्त्याच्या कडेने, ती टाकीवाल्याच्या दुकानाकडे चालू लागली.