मानेमागचं खोगीर

लग्नाच्या दिवशी सकाळी पेणच्या त्या मंगल कार्यालयात छतापर्यंत पाणी भरलं होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आत शिरताना बायकांनी पदर खोचले, पुरुषांनी चष्मे काढून खिशात ठेवले, आणि सगळे पोहत आपापल्या माणसांच्या घोळक्यात गेले. चहासुद्धा पाण्यातच वाटला जात होता. तो पातळ झालाय, एवढी तक्रार मुलाकडच्यांनी केली.

मी मुलीची आत्या. शाल्मली लहान असताना तिची आई गेली. मग माझा भाऊ जयवंत याने तिला एकट्याने वाढवलं, असं तो सगळ्यांना सांगतो. वाढवलं मी. तो शाळेच्या स्नेहसंमेलनाला यायचा.

मी घरी काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातल्या लाल कोळंब्या पाळते. शोभेच्या, नखाएवढ्या. आम्ही कायस्थ, त्यामुळे कोळंबी म्हटली की आमच्या नातेवाइकांना एकच गोष्ट सुचते. “विदुलाताई, मग तळायच्या कधी?” हा विनोद प्रत्येकाने स्वतःला नुकताच सुचल्यासारखा केलेला आहे, आणि करून झाल्यावर प्रत्येक जण मी हसायची वाट बघतो. मी हसत नाही. मग ते आपसांत हसतात.

मुहूर्त जवळ आला तसा जयवंत पाण्यातून हातपाय मारत माझ्याकडे आला.

“ताई, जरा आत चल. दोघांनी कात टाकलीये.”

नवरानवरीला फोटोसाठी एका खोलीत बसवलं होतं. जमिनीवर दोन कवचं पडली होती. एक शालू नेसलेलं, एक शेरवानीतलं. दोन्ही अख्खी, नखांपर्यंत, मेकअपसकट. आणि गादीवर दोन मऊ, आरपार दिसणारी माणसं शेजारी शेजारी बसली होती. केस नाहीत, भुवया नाहीत, कपाळातून निघालेल्या लांब मिशा पाण्यात हलताहेत. दोघांचे चेहरे सारखेच.

“वर कोण आणि वधू कोण, एवढं सांगा,” गुरुजी म्हणाले. “बाकीचं मी बघतो.”

“त्यांनाच विचारा की,” मी म्हणाले.

“विचारलं,” चौबळबाई म्हणाल्या. या नवऱ्यामुलाच्या आई. “दोघंही म्हणतात, मी मुलगा.”

“असं तर कोणीही म्हणेल,” जयवंत म्हणाला.

“तुमचा मुलगा तुम्हाला ओळखता येत नाही?” मी बाईंना विचारलं.

“निमिषला मी हजार माणसांत ओळखेन,” त्या म्हणाल्या. “पण इथे दोघंच आहेत.”

खोलीत यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जयवंतने घसा साफ केला. त्याला माझ्याकडे काही मागायचं असलं की तो घसा साफ करतो.

“ताई, तू त्या कोळंब्यांचं काहीतरी करतेस ना? नर-मादी वगैरे?”

इतकी वर्षं माझ्या टाकीकडे हातात लिंबाची फोड असल्यासारखं बघणारी ही माणसं आता खोलीच्या दारात गर्दी करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सावकाश सांगितलं. मादी अंगाने मोठी असते, रंगाने गडद. तिच्या पोटाखालची कड कमानीसारखी खाली आलेली असते, कारण पुढे तिला तिथे अंडी सांभाळायची असतात. नर बारीक, फिकट, त्याच्या पोटाची रेघ सरळ. पण कात टाकल्यावर रंगावर जाता येत नाही, आणि कमान बघायला बाजूने उजेड लागतो. अशा वेळी मानेमागे बघायचं. वयात आलेल्या मादीच्या पाठीवर, मानेच्या लगेच मागे, आतून एक पिवळसर डाग दिसतो. घोड्यावर खोगीर घालावं तसा. ती तिची न घातलेली अंडी.

“हे आम्हाला माहीतच होतं,” चौबळांकडचा कोणीतरी म्हणाला.

मी खिडकीचा पडदा सारला आणि डावीकडच्याच्या मागे गेले. मानेमागे स्वच्छ पिवळं खोगीर होतं. इतकं स्पष्ट, की कोणालाही दिसलं असतं. फक्त कोणी बघत नव्हतं. ते सगळे माझ्याकडे बघत होते.

शाल्मलीने माझं मनगट धरलं. तिचा हात जेलीसारखा मऊ होता.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “मी नको.”

ती पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. नदीच्या पात्रात खांब उभे करते. बैठकीत चौबळबाई तिला म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे सुनांना नोकरी सोडायला कोणी सांगत नाही हो. त्यांना आपोआपच नकोशी होते.” आणि जयवंत हसला होता. पाहुण्यांनी दोष न काढता मुलगी उचलून न्यावी यापलीकडे त्याला काही हवं नव्हतं. निमिष वाईट नव्हता. तो तेव्हाही काही बोलला नव्हता, आणि एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

मी उजवीकडच्याकडे बोट केलं.

“ही मुलगी.”

कोणी खात्री करून घेतली नाही. बायकांनी निमिषला उठवून शालू गुंडाळायला घेतला. चौबळबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

“एवढी बारीक?” त्या म्हणाल्या. “फोटोत बरी वाटली होती.”

“आई, मी निमिष,” तो म्हणाला.

“नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घ्यायचं नाही. आणि हळू बोलायचं.”

“आई, अगं, मी—”

“अहो आई,” बाईंनी सुधारलं, आणि त्याच्या मिशा कानामागे खोचल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. “आत्या, तुम्हाला माहितीये.”

“माहितीये,” मी म्हणाले.

तो आणखी काही बोलला, पण त्याच्या तोंडातून फक्त बुडबुडे आले. मग तो गादीवर बसला. बाई जयवंतला म्हणाल्या, “आता कशी शहाण्यासारखी बसली.”

आम्ही हॉलमध्ये आलो तेव्हा हॉल लहान झाला होता. भिंती काचेच्या झाल्या होत्या आणि आत सरकल्या होत्या. माणसं एकमेकांना चिकटून तरंगत होती, तरी मानाच्या खुर्च्यांभोवती जागा सोडलेली होती. मंगलाष्टकं झाली. अक्षता खाली पडेनात, दोघांच्या डोक्यांवर तशाच लोंबकळत राहिल्या. शेरवानीतली शाल्मली सरळ उभी होती. माझा आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. या मूर्खांच्या डोळ्यांदेखत मी मुलगी सोडवली होती.

मग तिला चांदीच्या पाठीच्या खुर्चीत बसवलं. तिच्याभोवती लगेच पुरुष जमले. तिचे काका, मामा, ज्यांनी तिला आजवर ‘काय गं, लग्न कधी?’ याशिवाय काही विचारलं नव्हतं, ते आता तिला पुलांबद्दल विचारू लागले. खांब किती खोल जातो, काँक्रीट पाण्यात कसं धरतं. ती उत्तरं देत होती. आधी थांबून, मग न थांबता. कोणीतरी सरबत आणलं. तिने ते चाखून परत पाठवलं.

“गोड नाही,” ती म्हणाली. कोणाकडे न बघता.

निमिष तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. चौबळबाईंनी ताटातल्या तांदळात त्याचं नवीन नाव लिहून घेतलं. तांदूळ पाण्यात उडत होते, म्हणून बाईंनी ते हाताने दाबून धरले. नाव त्याला कोणी वाचून दाखवलं नाही.

“शाल्मली,” मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, “आता ऊठ. मागच्या दाराने जाऊ या. पुरे झालं.”

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सगळ्या घराने जसं बघितलंय तसं. ती आधी हसली, मग मी हसायची वाट बघत राहिली.

“कुठे जाऊ?” ती म्हणाली. “सगळे माझ्यासाठी आलेत.”

“मुलीकडचे पाय धुवायला या,” गुरुजींनी पुकारलं.

जयवंत धोतर सावरत तिच्यासमोर पाटावर बसला. वहिनी नव्हती, म्हणून तांब्या माझ्या हातात दिला. मी पाण्यात पाणी ओतू लागले. जयवंतने आपल्या मुलीचं पाऊल तळहातावर घेतलं. ती तापाने फणफणलेली असतानासुद्धा त्याने कधी त्या पायाला हात लावला नव्हता. आता तो एकेक बोट चोळून धूत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“केवढं भाग्य,” तो म्हणाला. “असा जावई मिळाला.”

शाल्मली काकांशी बोलत होती. बोलता बोलताच तिने दुसरा पाय उचलला आणि माझ्यापुढे धरला.