नुसती माती

पुरातत्त्व खात्यासाठी तीस वर्षं खोदतोय मी. भलेभले साहेब थापी धरायला माझ्याकडून शिकलेत. आणि परवा मला शिकवलं कुणी, तर माझ्याच पोरीनं!

पोरगी ड्रोन उडवते. गहू उभा असताना तिनं वरून फोटो काढले, तर शेतात एक हिरवागार गोल पट्टा. "बाबा, खाली जुना खंदक बुजलाय. तिथे ओल टिकते, म्हणून गहू जोमानं वाढतो," म्हणाली. तिच्या भरवशावर साहेबांनी कापणीनंतर चार दिवस दिले. नाही निघालं काही, तर काम बंद आणि पुढच्या वेळी फोटोला माणूस दुसरा.

चौथ्या दुपारी साहेब खड्ड्यात डोकावले. "काय लागलं, मुकादम?"

"नुसती माती. दगड एक नाही." चार दिवस दगडाची वाट बघत होतो ना!

"मग गुंडाळा."

ते ऐकून पोरगी शेजारच्या बांधावरून धावत आली. "अहो बाबा, खंदकात दगड कशाला लागेल? मातीच हवी होती! कसली आहे?"

कसली म्हणजे? काळी, भुसभुशीत... आणि मी कपाळावर हात मारला. या शेताची खालची माती तर पिवळी, कडक! म्हणजे चार दिवस मी खंदकातच उभा राहून खंदक शोधत होतो. गाढव नुसता!

खड्ड्याच्या कडेची वरची माती ओढली आणि थापीनं खरवडत सुटलो. काळी संपली, पिवळी लागली. पाणी शिंपडलं तशी दोन्हींमधली रेघ उठून दिसली आणि वळत गेली, अगदी फोटोतल्यासारखी. साहेबांनी फोटो दोनदा ताडून पाहिला. "काम चालू ठेवा," म्हणाले, आणि पोरीशी हात मिळवला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

आता या जागेचा फोटो. फोटोआधी सगळ्यांनी बाहेर व्हायचं आणि शेवटी मी माझी पावलं झाडूनं पुसत मागं यायचं, हा आमचा शिरस्ता. तीस वर्षांत एका फोटोत माझा अंगठासुद्धा नाही. मी झाडू उचलला.

"बाबा, थांबा!" पोरगी ओरडली. ड्रोन समोर घोंघावत होता. "मापाची काठी गाडीत राहिली. तुम्हीच उभे राहा कडेला, माप म्हणून."

साहेब हसले. "उंची किती हो तुमची, मुकादम?"

"सकाळपर्यंत साडेपाच फूट होती," मी म्हणालो, आणि छाती काढून उभा राहिलो.